वांग्यांची फी

मी दहा वर्षांची होते तेव्हा माझ्या कमरेवर कायम एक मूल बसलेलं असे. तो माझा धाकटा भाऊ नामदेव, म्हणजे नाम्या. अडीच वर्षांचा. त्याला चालता येत होतं, चांगलं पळताही येत होतं, पण तो माझ्या कडेवरून खाली उतरायचा तो फक्त काहीतरी सांडायला. माय सकाळी टोपली घेऊन बाजारात जाई, बा मोटेवर जाई आणि नाम्या माझ्याकडे येई. घरातल्या कामाची वाटणी अशी होती आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला वाटे, पण मला कोणी विचारत नसे.

आम्ही माळी. अमरावतीत राजापेठेच्या टोकाला, जिथे तेव्हा घरं संपून वावरं सुरू होत, तिथे मक्त्याने केलेला आमचा लहानसा मळा होता. सकाळ झाली हे आम्हाला मोटेच्या चाकाच्या कुरकुरीवरून कळे, आणि किती वाजले ते कापसाच्या जिनाच्या भोंग्यावरून. मधल्या वेळात शेजारच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज चाले. मळ्यात मिरची होती, कोथिंबीर होती, थोडी भेंडी होती, पण मुख्य म्हणजे वांगी होती. विकली न गेलेली वांगी आम्ही घरी खायचो, आणि सगळी वांगी विकली गेली असा दिवस मला तरी आठवत नाही. कापसाच्या वाळक्या पराट्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून कच्चं तेल, आणि बरोबर ज्वारीची गरम भाकर. आज पुण्यात माझी सून गॅसवर वांगं भाजते आणि त्याला भरीत म्हणते. मी काही बोलत नाही. म्हातारपणी माणसाने सगळ्याच गोष्टींवर बोलू नये, निवडक गोष्टींवर बोलावं.

मला शाळा फार आवडायची. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते, तिथे बसायला मिळायचं. शिवाय तिथे भिंतीवर एक नकाशा होता आणि त्यात अमरावतीच्या नावावर बोट ठेवलं की मला उगाच आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं. मी चौथीत होते. मुलींच्या शाळेत फी नव्हती, पण नाम्याला घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून मी त्याला घेऊनच शाळेत जाई. हेडबाईंनी पहिले काही दिवस चालवून घेतलं. त्याने खडू खाल्ला, तरी चालवून घेतलं. हजेरीपटावर त्याने जे केलं ते मी लिहीत नाही, पण त्यानंतर आमच्या वर्गाचा हजेरीपट बरेच दिवस खिडकीत वाळत होता.

मग एक दिवस तपासणीला साहेब आले. आम्ही सगळ्या ताठ बसलो. साहेबांनी विचारलं, "मुलींनो, वऱ्हाडातली एखादी नदी सांगा पाहू." मला पूर्णा येत होती, ती ओठावरही आली होती, तेवढ्यात माझ्या मांडीवरून नाम्याने मायच्या सुरात आरोळी ठोकली, "घ्या वो बाई वांगेऽऽ, कोवळे कोवळे वांगेऽऽ!" साहेब हसले. हेडबाई हसल्या नाहीत. साहेबांची टमटम फाटकाबाहेर गेली आणि बाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "सगुणा, उद्यापासून एकटी यायचं. भाऊ आणायचा नाही. आणि लागोपाठ पंधरा दिवस आली नाहीस, तर मला तुझं नाव कमी करावं लागेल." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे ते खरं आहे हे मला कळलं. मी घरी येऊन मोटेच्या धावेवर बसले आणि भोकाड पसरलं. नाम्यानेही माझ्याबरोबर पसरलं, त्याला काही कारण लागत नसे.

त्याच सुमारास राजापेठेत अक्का आल्या. अक्का म्हणजे चाळिशीच्या ब्राह्मण विधवा बाई. अकोल्याला दिराच्या घरी त्यांनी आठ पुतणे-पुतण्या वाढवल्या होत्या, आणि वाढवता वाढवता त्यांच्या लक्षात आलं की हेच काम पैसे घेऊन केलं तर पुष्कळ चांगलं होईल. मग त्यांनी कोणाकडून तरी लहान मुलांच्या शिक्षणाची पुस्तकं मिळवून वाचली आणि भावाच्या रिकाम्या घराच्या ओसरीवर पाटी लावली. बालवर्ग, वय अडीच ते पाच, फी दरमहा एक रुपया, आगाऊ. वकिलांच्या आणि कारकुनांच्या घरची सहा-सात मुलं येऊ लागली. बाकी राजापेठ हसत होती. बा पाटीखालून जाऊन आला आणि म्हणाला, "पोट्टे खेळवाचा रुपया? रुपयात तं बैलाची ढेप येते." त्याच्या दृष्टीने ती पेंड खाणारा बैल काम करत होता आणि नाम्या करत नव्हता, त्यामुळे प्रश्न मिटला होता.

मायच्या दृष्टीने मिटला नव्हता. तिने माझ्या रडण्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना ती अक्कांच्या ओसरीवर शेरभर वांगी ठेवून आली. "नव्या आल्या तुमी, चव पाहा," एवढंच बोलली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा शेरभर. तिसऱ्या दिवशी ती त्या रस्त्याने गेलीच नाही. चौथ्या दिवशी अक्का स्वतः आमच्या मळ्याच्या काटेरी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पायात वहाणा नाहीत, हातात रिकामी पिशवी. "सखूबाई, आज वांगी नाहीत का?"

"हायेत ना. तुमच्यासाठी रोज हायेत," माय म्हणाली. "रोज एक शेर पोचते करतो. पैशाचं नाव नोका काढू. ह्या पोट्ट्याले तेवढं ठेवून घ्या."

अक्कांनी नाम्याकडे पाहिलं. तो मातीचं ढेकूळ चाखत होता. "चावतो का हा?"

"भूक लागली तं."

अक्का विचारात पडल्या. त्यांना भरीत अतोनात आवडायचं, हे पुढे आम्हाला कळलं. मायला ते दोन दिवसांतच कळलं होतं. "बरं, दिवाळीपर्यंत," त्या म्हणाल्या. "रोज एक शेर वांगी."

"ठरलं. मंग मागं-पुढं नाई पाहाचं."

"आमच्या अकोल्याची माणसं दिलेला शब्द मोडत नाहीत," अक्का म्हणाल्या.

त्या वळणाआड गेल्या आणि माय इतकी हसली की तिला डोक्यावरची टोपली खाली ठेवावी लागली. "काहून हासून राह्यली वं माय?" मी विचारलं. "एकादशी येऊ दे, समजन तुले," ती म्हणाली. मला तेव्हाच समजलं, कारण मी माळ्याची मुलगी होते. आषाढी एकादशीपासून चातुर्मास. चार महिने ब्राह्मण-वाण्यांच्या घरांत वांगं चुलीजवळ फिरकत नाही. त्या दिवसांत आमची वांगी मातीमोल होत, पण झाडांना कोणी चातुर्मास सांगितलेला नसल्याने ती लागतच राहत. मायने नेमकी तीच वांगी फीला लावली होती. आणि अक्कांना भरिताच्या नादात पंचांगाचा विसर पडला होता.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. मी नाम्याला आणि वांग्यांना अक्कांच्या ओसरीवर सोडून शाळेत जाई, रिकाम्या कमरेने. पहिले दोन दिवस मला चालताना तोल जाईल असं वाटत होतं. नाम्या तिथे हात धुवायला शिकला, रांगेत बसायला शिकला, मोठं-लहान ओळखायला शिकला. घरी येऊन तो बाला हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू देईना. बा म्हणाला, "हे पोट्टं बिघडलं." पण धुतले त्याने हात. परवा माझी नातसून पणतूच्या प्लेग्रुपची फी सांगत होती. मी आकडा पुन्हा विचारला, मला वाटलं वर्षाचा असेल. तो तीन महिन्यांचा होता. मी तिला वांग्यांची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑरगॅनिक होती का, आजी?"

मग कांदेनवमी झाली, एकादशी झाली. द्वादशीला मी नेहमीसारखी वांगी घेऊन ओसरीवर गेले तर अक्का दारात उभ्या. "हे काय आणलंस?"

"फी," मी म्हणाले.

अक्कांनी वांग्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! चातुर्मास!" मग म्हणाल्या, "आईला सांग, दुसरं काहीही दे. भेंडी दे, दोडके दे. मी एकटी बाई, हे घेऊन काय करू? नाहीतर मुलाला कसं ठेवू मी?"

मी धावत बाजारात गेले. माय म्हणाली, "भेंडीले आता भाव हाये. ठरलं ते ठरलं. सांग त्यायले, अकोल्याचे लोकं शबूद मोडत नाईत म्हना."

हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला असता तर नाम्या त्याच दुपारी माझ्या कमरेवर परत आला असता आणि पंधरा दिवसांनी माझं नाव पटावरून गेलं असतं. म्हणून मी रस्त्यात तो निरोप बदलला. अक्कांना सांगितलं, "माय म्हणते, उद्यापासून दोडके धाडते." आणि संध्याकाळी मायला सांगितलं, "अक्का म्हणतात, बरं." आयुष्यात मी इतकं सफाईने खोटं कधी बोलले नव्हते. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी मजाच वाटली. भीती दुसऱ्या दिवशी सकाळी वाटली, कारण आमच्या मळ्यात दोडक्याचा एकही वेल नव्हता.

वेल होता पिंजाऱ्यांच्या घरावर. पिंजाऱ्याची बायको, आमची खाला, छपरावर दरसाल दोडका चढवायची आणि श्रावण येईतो कंटाळायची. मी शेरभर वांगी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. "खाला, दहा दोडके द्या, वांगे घ्या." खालाच्या केसांत, भुवयांत सगळीकडे कापूस बसलेला असे. ती म्हणाली, "दस? अगे पोट्टी, बाजार में कोई पूछता है क्या अब तेरे बैंगन कू? चार ले." मी टोपली उचलली आणि दोन पावलं गेले, माय जशी जाते तशी. "ठैर ठैर," खाला म्हणाली. सहावर तुटलं. कोवळे सहा दोडके, रोज. त्या दिवसापासून पिंजाऱ्याच्या घरी रोज भरल्या वांग्याचा वास, अक्कांच्या घरी दोडक्याची भाजी, माय खूश, आणि मी चौथीत. मध्ये मी कोणाला काय सांगितलं आहे ते मात्र रोज सकाळी आठवून पाहावं लागे.

हे महिनाभर चाललं. कायमच चाललं असतं, पण अक्का भल्या बाई होत्या, आणि भल्या माणसांना आभार मानायची खोड असते. एका रविवारी मी नाम्याला घेऊन बाजारात मायशेजारी बसले होते. समोरून अक्का येताना दिसल्या. मी नाम्याला उचलून टोपल्यांमागे सरकू लागले, तर तो "अक्काऽऽ" म्हणून ओरडला.

"सखूबाई," अक्का म्हणाल्या, "किती दिवस म्हणत होते, येऊन सांगावं. तुम्ही मोठं मन केलंत. असे कोवळे दोडके आमच्या अकोल्यालाही मिळत नाहीत हो."

माय म्हणाली, "दोडके?" तिने आपल्या टोपल्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "कोनते दोडके वं, सगुणे?"

मी सगळं सांगून टाकलं. निरोप, खाला, वेल, सगळं. आजूबाजूच्या भाजीवाल्या बाया तागड्या खाली ठेवून ऐकत होत्या. दोडके पिंजाऱ्याच्या छपरावरचे होते हे ऐकून अक्कांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "धुऊन घेतले होते मी," त्या म्हणाल्या, पण ते आम्हाला नव्हे, स्वतःलाच. मी मार खायला तयार होऊन मान खाली घातली होती. माय मारेना.

"शेराले किती घेतले?" तिने विचारलं.

"सहा."

"तिनं पयले किती देऊन राह्यली होती?"

"चार."

"अन् तू किती मांगतले होते?"

"दहा."

माय पलीकडच्या बाईकडे वळली. "आयकलं काय वं? चातुर्मासात, कुत्रं इचारत नाई त्या वांग्यावर, माह्या पोट्टीनं सहा दोडके काढले! मले नाई भेटले कधी." मायच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझी मान वर आली. आणि तेवढ्यात ती म्हणाली, "उद्यापासून शाळा बंद. इथं बस माह्या बाजूले. ह्या पोट्टीचं शाळेत काय काम हाये!"

सगळ्या बाया म्हणाल्या, हाव, बरोबर आहे. शाळा सुटू नये म्हणून जे जे केलं, त्यानेच ती सुटत होती. मी भर बाजारात मोठ्याने रडू लागले. मायचा राग आला होता, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा आला होता, की दहा कशाला मागितले, चारावर गप्प घ्यायला काय झालं होतं.

अक्का त्या चिखलात, मायच्या तागडीसमोर, गिऱ्हाईक बसतं तशा बसल्या. "सखूबाई, मुलीला शाळेतून काढू नका. नामदेवला मी फुकट ठेवीन. वांगी नकोत, दोडके नकोत, काही नको."

इथे त्यांची चूक झाली. माय एकदम ताठ झाली. "फुकट? आमी भिकारी हाओत काय?"

"बरं, मग वांगीच द्या."

"अन् तुमी थे फेकून देसान? माह्ये वांगे फेकाले नाईत."

"मी खाणार नाही. पण मुलांना कुठे चातुर्मास असतो? मी रोज दुपारी भरीत करून मुलांना भाकरीबरोबर वाढीन." हे बोलताना अक्कांनी आवंढा गिळला, तो मी स्वच्छ पाहिला. चातुर्मास संपेपर्यंत रोज भरीत करायचं आणि बोटाला लागलेलंसुद्धा चाखायचं नाही, एवढं त्या माझ्यासाठी कबूल करत होत्या. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि नुसती पाहत राहिले. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

माय विरघळली नाही. तिला तो सौदाच वाटत होता. "थे झालं पोट्ट्याचं. पोट्टी शाळेत गेली तं मले काय भेटलं? इथं बसली तं रोज हात लावन मले."

"शाळेशिवाय तिला संध्याकाळी मी घरी शिकवीन. चौथी पास करून देते, माझा शब्द."

"दिवाळीलोक रोजचे शेरभर वांगे," माय बोटांवर मोजत म्हणाली, "अन् त्यात नुसती चौथी?" तिने मान हलवली. "नाई बाप्पा. महाग पडते थे. चौथीच्या पुढं काय असते?"

"पाचवी," अक्का म्हणाल्या. "मग सहावी, सातवी."

"सातवी करा मंग."

"अहो सखूबाई! सातवी म्हणजे अजून तीन वर्षं. दिवाळीपर्यंतच्या वांग्यांत?"

"तं सातवीलोक देतो वांगे. मी कुठं पळून चालली?"

बाजारातल्या आमच्या ओळीत कोणाचीही मुलगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. मायला सातवी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तिला फक्त कमी माल घेऊन उठायची सवय नव्हती, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता मला तसं वाटत नाही.

"ठरलं," अक्का म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

मायने तागडी उचलली. एका पारड्यात शेराचं वजन टाकलं, दुसऱ्यात वांगी. तिची मापं बाजारात प्रसिद्ध होती. काटा सरळ झाला की तिचा हात थांबायचा, मग समोर कोणीही असो. आजही काटा सरळ झाला. तिने वांगी पिशवीत ओतली. मग टोपलीतलं सगळ्यात मोठं, चकाकतं वांगं निवडून काढलं, पदराला पुसलं आणि पिशवीत वरून ठेवलं.

"शेर तर झाला की," अक्का म्हणाल्या. "हे कशाला?"

"राहू द्या," माय माझ्याकडे न पाहता म्हणाली. "लेकीचं हाये."